देवकीला विनोद कळत नाही: रीमा लागू यांच्या १९९४ सालाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण

५ ऑगस्ट १९९४ रोजी 'हम आपके हैं कौन' प्रदर्शित झाला. त्यात रीमा लागू दोन मुलींची आई आहेत. थोरली रेणुका शहाणे, धाकटी माधुरी दीक्षित. रेणुकाचा जन्म १९६६चा, माधुरीचा १९६७चा आणि आईचा १९५८चा. हिंदी सिनेमात हा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून आपणही सोडून देऊ. त्याच वर्षी दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'तू तू मैं मैं' सुरू झाली. तिथे रीमाताई सासू, देवकी वर्मा. सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगांवकर, आणि तिचाही जन्म १९६७चाच. त्याच साली 'श्रीमान श्रीमती'ही आली. तिथे त्या कोकिला कुलकर्णी, घरात आणि शेजारीपाजारी कोकी, जिच्यावर पलीकडच्या घरातला दिलरुबा भाळलेला आहे.

म्हणजे छत्तीस वर्षांची एक बाई. थिएटरात लेकींची लग्नं लावून देतेय, छोट्या पडद्यावर सुनेशी हमरीतुमरीवर येतेय, आणि दुसऱ्या मालिकेत शेजाऱ्याच्या उसाशांचा विषय झालीय. बघणारे लोक तेच. त्यांना कुठेही अडखळायला झालं नाही. आई म्हणून जिच्यासाठी गळा दाटून आला, तिचंच नाक सासू म्हणून ठेचलं गेल्यावर ते मनसोक्त हसले. हे कसं जमलं, आणि त्या अभिनेत्रीने ते कशाच्या जोरावर जमवलं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

पुण्यात एकांकिका करणाऱ्या मुलांसाठी मी अभिनयाचा वर्ग घेते. पुरुषोत्तम, फिरोदिया या एकांकिका स्पर्धा करून आलेली मुलं असतात, हुशार असतात, आणि त्यांची एक ठाम समजूत असते की विनोदी काम हे खातंच वेगळं. गंभीर नाटकाची तालीम निराळी, विनोदीची निराळी. लाफ्टर कुठे घ्यायचा याच्या खुणा संहितेत पेन्सिलीने आधीच करून ठेवतात. रीमाताईंचं १९९४ साल या समजुतीला चांगलाच छेद देतं, म्हणून मी ते त्यांच्यापुढे ठेवते.

त्याआधीची वीसेक वर्षं

मूळ नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, 'लेकुरे उदंड जाली'मुळे नाव झालेल्या. घरातच नाटक असल्यावर मूल कॅमेऱ्यासमोर लवकर उभं राहतं, तशी नयनही बालकलाकार म्हणून उभी राहिली. शाळा आपल्या पुण्यातली, हुजूरपागा.

लक्ष्मी रोडवरून जाताना दागिन्यांच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत या शाळेचं फाटक पटकन दिसत नाही. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवरची ही मुलींची शाळा १८८४ साली सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर, वामनराव मोडक ही तिच्यामागची मंडळी. मुलींनी शिकायचं की नाही यावर शहरात वाद पेटलेला असताना काढलेली शाळा. नयनमधली नटी लोकांच्या लक्षात आली ती इथे, आणि शाळा संपल्यावर ती व्यावसायिक नाटकाकडे वळली.

मुलींच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक गोष्ट आपसूक घडते. नाटकातले सगळे लोक मुलीच असतात. सासू मुलगी, सून मुलगी, पगडीवाले आजोबा मुलगी, फौजदारही मुलगीच. मिशी लावून उभं राहायचं तर स्वतः हसून चालत नाही. समोर अख्खी शाळा खिदळत असते, आणि आपण फौजदारच आहोत हे ठामपणे मानल्याशिवाय प्रवेश पुढे जात नाही.

शिवाय पुण्यातल्या मुलींच्या शाळांतून नवरात्रात भोंडला असायचाच. पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि गाण्यांत सासू. त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवून बघा. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. लावला. मग त्याला कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. प्रत्येक अट घालताना सासूचा आव असा की यात वावगं ते काय! हसू आहे ते फेर धरणाऱ्या मुलींच्या तोंडावर. गाण्यातल्या सासूला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नाही. माझ्या मते देवकी वर्माचं कुळ हेच. खट्याळ, डोळे वटारणाऱ्या सिनेमातल्या सासवांची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. ललिता पवारांनी ती उभी केली, दया डोंगरे यांनी तिला शहरी ठसका दिला. पण देवकी त्यांच्यापेक्षा भोंडल्यातल्या सासूला जास्त जवळची आहे.

पुढचा पसारा थोडक्यात. चित्रपटात पहिलं नाव घेण्याजोगं काम १९७९चं 'सिंहासन'. दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे पुन्हा पुण्याच्या नाट्यचळवळीतला माणूस. त्याच सुमारास त्या मुंबईत युनियन बँकेत नोकरीला लागल्या आणि दहाएक वर्षं ती नोकरी केली. आजच्या मुलांना याचं फार नवल वाटतं. मराठी रंगभूमीची अर्धी फौज तेव्हा बँका, एलआयसी आणि सरकारी कचेऱ्यांमध्येच होती; दिवसा हजेरीपट, संध्याकाळी तालीम. मग 'आक्रोश', 'कलयुग'. रंगभूमीवर विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली जयवंत दळवींचं 'पुरुष', ज्यात त्यांची अंबिका नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर उभी राहते. आणि शेखर ताम्हाणेंचं 'सविता दामोदर परांजपे'.

या शेवटच्या नाटकापाशी जरा थांबायला हवं. त्यात एकाच बाईच्या अंगात दुसरी बाई बोलते. चांगल्या घरातली गृहिणी बोलता बोलता दुसरीच कुणी होते, आणि ती झाली हे प्रेक्षकाला वेशभूषा न बदलता कळावं लागतं. आवाज, मान, श्वास एवढ्यावरच. रात्रीमागून रात्री हे करणाऱ्या नटीच्या हाती एक हत्यार येतं: एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना माणूस बदलायचं. देवकी सुनेला टाकून बोलत असताना दारावरची बेल वाजते आणि पाहुण्यांपुढे तिची मायाळू सासूबाई होते, तेव्हा तेच हत्यार वापरात असतं. एकीकडे अंगावर काटा, दुसरीकडे हशा.

साचा

१९८८ साली 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या जुही चावलाच्या आई झाल्या. १९८९च्या डिसेंबरात 'मैंने प्यार किया' आला आणि त्या सलमान खानच्या आई झाल्या. सलमान त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. 'आशिकी', 'साजन' मागोमाग. फिल्मफेअरची सहायक अभिनेत्रीची चार नामांकनं मिळाली: 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि पुढे 'वास्तव'. चारही आईच्या भूमिकांसाठी.

ही आई आधीच्या हिंदी आईपेक्षा वेगळी होती हे मान्य करायला हवं. शिवणयंत्रावर खोकत बसलेली, देवळात घंटा बडवणारी आई मागे पडली आणि मुलाशी थट्टा करणारी, नीटनेटकी साडी नेसणारी, वयाने तरुण दिसणारी आई आली. पण आईला पटकथेत मिळतं काय? मुलाची बाजू घ्यायची, नवऱ्यापुढे दोन शब्द बोलायचे, आशीर्वाद द्यायचा. तिला स्वतःला काही हवं असतं का? दुसऱ्याचं भलं सोडून बहुधा काहीच नाही. ज्या पात्राला स्वतःसाठी काही नको असतं, त्याला करायलाही फार काही उरत नाही. पस्तिशीच्या आत हा साचा त्यांच्यावर बसला होता आणि तो यशाचा साचा होता. मोडायचा तर कुणी आणि का मोडावा?

मालिकांनी तो मोडलासुद्धा नाही. शेजारी दुसरा मांडून ठेवला.

दोन मालिका, दोन जागा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. १९८४च्या 'ये जो है जिंदगी'ने हिंदी घरगुती विनोदी मालिकेची वाट पाडून दिली. १९८८च्या 'वागले की दुनिया'त भारती आचरेकर होत्या, आणि मध्यमवर्गीय बायकोचं काम किती बारीक करता येतं हे त्यांनी दाखवलं. मुंबईत बनणाऱ्या या हिंदी मालिका मराठी आणि गुजराती नाटकातल्या माणसांवर चालत होत्या. कारण सरळ आहे. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा तर पाठांतर पक्कं, उच्चार स्वच्छ आणि वेळेला हजर असे नट लागतात, आणि ते रंगभूमीवर तयार सापडतात. १९९४ उजाडेपर्यंत खासगी वाहिन्या आल्या होत्या, पेठांतल्या वाड्यांवरून केबलच्या वायरी लोंबू लागल्या होत्या, आणि अर्ध्या तासाच्या विनोदाला मागणी होती.

'तू तू मैं मैं'चं दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचं. सासरा कुलदीप पवार, मुलगा महेश ठाकूर. दोन्ही पुरुष मधल्या मध्ये, कुणाची बाजू घेतली तरी मार खाणारे. मालिका चालते ती दोन बायकांच्या जोरावर. देवकीला हे घर आपल्या शिस्तीत चालायला हवंय. राधाला त्याच घरात स्वतःची जागा हवीय. दोघींच्या मागण्या रास्त, म्हणून भांडण संपत नाही. सुप्रियाचं काम चपळ आहे. तिचे डोळे, तिचा चेहरा, वाक्य तोंडातून सुटायच्या आधीच तिचं हसू निसटायला बघणारं. रीमाताईंनी समोर बरोबर उलटी बाजू धरली. त्या सावकाश. मान किंचित वर, आवाज खालच्या पट्टीत, आणि अपमान झाला की आधी एक क्षण शांतता. दोघीही चपळ असत्या तर गोंधळ झाला असता.

'श्रीमान श्रीमती' अधिकारी ब्रदर्सची, दिग्दर्शक राजन वाघधरे. इथली रचना निराळी. दोन शेजारी जोडपी. केशव कुलकर्णी ऊर्फ केकू, म्हणजे गुजराती रंगभूमीवरचा अफलातून नट जतीन कनाकिया, शेजारच्या प्रेमा शालिनीवर लट्टू. ती सिनेनटी, अर्चना पूरणसिंग. तिचा नवरा दिलरुबा, राकेश बेदी, घर सांभाळणारा, आणि त्याचा जीव कोकीवर. दोन्ही पुरुष चोरून धडपडतात आणि दर भागात तोंडावर पडतात. कोकी मात्र आपल्या नवऱ्यावर मनापासून प्रेम करणारी, सरळ.

विनोदी प्रसंगात माणसाला उभं राहायला मुख्यतः दोन जागा असतात. एक कळ लावणाऱ्याची, दुसरी ज्याला काहीच ठाऊक नाही त्याची. देवकी पहिल्या जागेवर, कोकी दुसऱ्या. एकीच्या हातात सूत्रं आहेत असं तिला वाटतं, दुसरीला सूत्रं आहेत हेच माहीत नाही. बहुतेक नट या दोहोंपैकी एका जागेवर शोभतात. जतीन कनाकिया पहिल्या जागेचे बादशहा होते. कोकीच्या जागी त्यांना उभं करून बघा, जमणार नाही. रीमाताई एकाच काळात दोन्हीकडे तितक्याच ठाम उभ्या होत्या.

आणि कोकीकडे दुर्लक्ष होतं म्हणून मुद्दाम सांगते. ज्या वर्षी सिनेमा त्यांना माधुरीची आई करतो, त्याच वर्षी मालिका त्यांना अशी बाई करते जिच्यासाठी शेजारी कासावीस होतो आणि जिचा नवऱ्याशी लाडिक रुसवा-फुगवा चालतो. म्हणजे नायिका. छत्तिसाव्या वर्षी मोठ्या पडद्याने जे नाकारलं ते छोट्या पडद्याने न मागता दिलं.

चौथी शिट्टी

वर्गात या प्रकरणावर बोलण्याआधी मी मुलांना एक छोटा प्रवेश देते. स्वयंपाकघर. सासू बाहेरून येते, सून गॅस बंद करतेय.

"चार झाल्या?"
"तीन."
"मी चार म्हटलं होतं."
"डाळ शिजलीय, आई."
"मी डाळीचं विचारलं नाही."

एवढाच. मागच्या बॅचमध्ये एका मुलीने सासू केली. हुशार मुलगी, एकांकिकेत बक्षीस मिळवलेली. "चार झाल्या?" म्हणताना तिने एक भुवई वर नेली, "चार म्हटलं होतं"ला कमरेवर हात, आणि शेवटच्या वाक्याला हळूच आमच्याकडे एक नजर, आता हसा अशी. दोघं-तिघं तिच्यासाठी म्हणून हसले. प्रवेश पडला.

मी तिला म्हटलं, भुवई, कमर आणि आम्ही, तिन्ही विसर. या घरात तुझं किती चालतं ते आज त्या चौथ्या शिट्टीवर ठरणार आहे. सून बरोबर आहे, डाळ शिजलीय, हे तुलाही कळतंय. तरी चौथी व्हायला हवी होती.

दुसऱ्या खेपेला ती आत आली, कुकरकडे गेली, त्याला हात लावला, पण उघडला नाही. "मी डाळीचं विचारलं नाही" हे वाक्य तिने जवळजवळ पुटपुटलं. मग फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता. ती पुसतच राहिली, एकाच जागी, आणि सून बाजूला सरकेना तेव्हा तिच्या हाताभोवतून पुसू लागली. पोरं अक्षरशः लोळली. तिने स्वतः हे का झालं म्हणून माझ्याकडे पाहिलं तेव्हा आणखी हसली. पण ते दुसरं हसू आपण धरायचं नाही, कारण तोवर बेअरिंग, म्हणजे भूमिकेत टिकून राहणं, सुटलं होतं.

मग आम्ही 'तू तू मैं मैं'चे भाग लावतो आणि आवाज बंद करून बघतो. आवाज बंद केला की देवकी विनोदी दिसत नाही. ती दुखावलेली, सावध, मोजून पावलं टाकणारी बाई दिसते. सिनेमातली आई जशी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते तशीच ही उभी राहते. मग आवाज चालू करायचा. वाक्यं क्षुल्लक गोष्टींवरची आहेत हे कळतं, आणि हसू फुटतं. एवढी प्रतिष्ठा, आणि कशासाठी, तर एवढ्याशा गोष्टीसाठी. हा सगळा विनोद त्या अंतरातून येतो, आणि प्रतिष्ठेकडचं टोक नटीने घट्ट धरून ठेवलं तरच अंतर राहतं. आईच्या भूमिकांनी त्यांना ते टोक आयतं दिलं होतं. रीमा लागू म्हणजे घरंदाज, समंजस बाई हे प्रेक्षकाने आधीच गृहीत धरलेलं. देवकीला ते नव्याने कमवावं लागलं नाही, फक्त उधळायचं होतं.

म्हणून माझं मत असं की साच्याने त्यांचं जेवढं नुकसान केलं असं आपण हळहळून म्हणतो, तेवढं केलं नाही. सिनेमाने भांडवल जमवलं, मालिकेने ते खर्चाला काढलं. वर्गातले सगळे याला मान डोलावत नाहीत.

एक आक्षेप

एका मुलीचा आक्षेप नेहमीच येतो, मुलगी दरवर्षी वेगळी. दोन बायका स्वयंपाकघरावरून भांडतात आणि देश हसतो, यात कौतुक कसलं? पुरुष वर्तमानपत्रामागे तोंड लपवून नामानिराळे. बायकाच बायकांच्या वैरी, ही जुनी टेप पुन्हा वाजवली एवढंच.

आक्षेपात दम आहे. पुरुषांना मालिकेने फार स्वस्तात सोडलं, हे मलाही खटकतं. देवकीच्या नवऱ्याने एकदा उठून स्वतःचा चहा केला असता तर निम्मे भाग झालेच नसते. पण मी त्या मुलीला सांगते, आता नटीच्या बाजूने यादी करून बघ. देवकीला अहंकार आहे, हाव आहे, कावा आहे, खोटं बोलायची तयारी आहे, हरल्यावरचा हिरमोड आहे आणि सुनेविषयी कबूल न केलेली माया आहे. आता त्याच वर्षीच्या 'हम आपके हैं कौन'मधल्या विहीणबाईंची यादी कर. प्रेमळ. सोशिक. संपलं. आदर्श बाईपेक्षा भांडखोर बाईत माणूस जास्त सापडतो. तो त्यांना विनोदी मालिकेने मिळवून दिला, मग ती मालिका कितीही जुन्या वळणाची का असेना.

१९९९, आणि नंतर

पाच वर्षांनी हे प्रकरण आणखी टोकाला गेलं. 'तू तू मैं मैं' मेट्रोवरून स्टार प्लसवर गेली होती आणि चालूच होती. अशात १९९९च्या ऑक्टोबरात महेश मांजरेकरांचा 'वास्तव' आला. संजय दत्तचा जन्म १९५९चा, रीमाताई त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठ्या, आणि त्या त्याची आई. शेवटी ही आई पोटच्या पोराला स्वतःच्या हाताने गोळी घालते. सभागृहात त्या क्षणाला कुणी हसलं नाही, कुणाला देवकी आठवली नाही. त्याच काळात स्टार प्लसवर ती सुनेशी भांडत होती.

हे शक्य झालं कारण दोन्हीकडे काम एकाच पद्धतीचं होतं. विनोदासाठी वेगळा आवाज काढणाऱ्या नटाचा गंभीर आवाज पुढे खोटा वाटायला लागतो. यांनी वेगळा काढलाच नव्हता.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली, आणि त्याच वर्षी 'तू तू मैं मैं' संपली. सासू, सून, स्वयंपाकघर, दिवाणखाना, सामान सगळं तेच. फक्त आता शिट्टी चुकली तर ढोल वाजू लागले, एकाच चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळू लागला, आणि डाळीत मीठ जास्त पडणं हे कटकारस्थान झालं. आठवड्याचा खेळ रोजचा झाला. रोज अर्धा तास भरायचा तर विनोद पुरत नाही, रडं पुरतं. रडं ताणता येतं. देवकी-राधाचं भांडण त्या त्या भागात मिटायचं. नव्या मालिकांना ते मिटणं परवडणारं नव्हतं.

२००६मध्ये 'कडवी खट्टी मिठी' या नावाने पुढचा भाग आला. राधा आता स्वतः सासू, वर देवकी आहेच. जोडी तीच, तरी पहिल्याची सर आली नाही. मला त्यातलं एक कारण तांत्रिक वाटतं. तिघी झाल्यावर प्रत्येक भांडणात दोघींना एका बाजूला जावंच लागतं, आणि समोरासमोर उभ्या दोघींचा समतोल जातो. २०१३मध्ये झी मराठीवर 'तुझं माझं जमेना'त त्या पुन्हा सासू होत्या, सून मनवा नाईक. मराठीत त्यांचा हा विनोद ऐकताना एक गोष्ट लक्षात येते: हिंदीत त्या शब्द जरा तोलून टाकायच्या, इथे टाकून बोलणं अगदी सहज, बसल्या जागेवरून.

मग 'नामकरण'. दयावंती मेहता, करारी, कठोर. विनोदाचा लवलेश नाही. १८ मे २०१७च्या पहाटे त्या गेल्या, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने. आदल्या दिवशीपर्यंत या मालिकेचं चित्रीकरण करत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांत 'पडद्यावरची आई गेली' असाच सूर होता. तो खोटा नव्हता. मात्र चित्रपटातल्या आईची सगळी दृश्यं एकापुढे एक जोडली, तरी देवकीने पडद्यावर काढलेल्या वेळाच्या जवळपास ती जाणार नाहीत. वाहिनीवर आठवडेच्या आठवडे घरात येणारी बाई मृत्युलेखात एका परिच्छेदात मावली. विनोदी कामाच्या वाट्याला हे आपल्याकडे हमखास येतं, आणि ते काम बाईने केलं असेल तर जास्तच.

२०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यात 'श्रीमान श्रीमती' होती. तेव्हा शाळेत असलेली, घरात कोंडून पडलेली मुलं आता माझ्या वर्गात येताहेत. त्यांच्यासाठी क्रम उलटा लागलाय. त्यांनी रीमा लागू पहिल्यांदा पाहिल्या त्या कोकी म्हणून, 'मैंने प्यार किया' नंतर कधीतरी मोबाइलवर. त्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी 'वास्तव' बघताना सारखी वाट बघत होते, ही आता काहीतरी खोचक बोलेल म्हणून. शेवटपर्यंत बोललीच नाही. आणि त्यामुळे शेवट मला जास्तच लागला."

प्रतिष्ठा आधी आणि विनोद नंतर, असा भांडवलाचा जो हिशेब मी वर मांडला, तो या मुलीला लागू पडत नाही. तिच्याकडे विनोद आधी जमा होता आणि खर्च शोकांतिकेत झाला. येत्या बॅचमध्ये निम्म्या मुलांना आधी कोकी दाखवायची आणि निम्म्यांना आधी 'वास्तव'ची आई, आणि मग दोन्ही गटांना चौथ्या शिट्टीचा प्रवेश द्यायचा, असं ठरवलंय.